बोटीनं गेलेला पाळणा

निवृत्तीनं टेप लावून पाळण्याची लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली आणि मान हलवली.

"सिस्टर, विमानानं नाही परवडायचा हा तुम्हाला."

"वजन तरी कितीसं आहे? एका हातानं उचलते मी."

"वजन नाही हो, विमानवाले जागा मोजतात. आत सगळी पोकळी. त्या पोकळीचंही भाडं भरायचं."

शालिमार चौकाजवळच्या, परदेशी माल पाठवणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात हा निवृत्ती कारकून. मी सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. त्याची दोन्ही पोरं माझ्याच हातावर जन्मली, म्हणून बिचारा न कंटाळता समजावत होता. विमानानं आठवड्याच्या आत कुवेत, पण भाडं ऐकून मी पर्स मिटली. बोट स्वस्त, पण आधी मुंबईच्या बंदरात बोटीची वाट बघायची, मग समुद्र, मग तिकडच्या बंदरातली रांग. दोन महिने धरून चाला, म्हणाला. पाळणा सुटा केला तर विमानाचं भाडं निम्म्यावर येईल, असंही त्यानं सुचवलं. ते मी साफ धुडकावलं. माझ्या मालकांनी एकही खिळा न मारता, सांध्यात सांधा बसवून लहानूसाठी केलेला पाळणा तो. सुटा केला तर पुन्हा बसवणारा आता राहिला नव्हता.

लहानू माझा एकुलता एक. सातपूरला फिटर होता, तिथून कुवेतला गेला, मागाहून बायकोलाही नेलं. सुनेला सातवा लागला तेव्हा त्यानं विमानाचं तिकीट काढलं. एकच. आणि ते गेलं घोटीला, त्याच्या सासूला, गोजराबाईला. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. रीत काय मला माहीत नाही? पण माहेर कधी विमानात बसून सासरी जातं का? मी उभा जन्म लोकांची बाळंतपणं केली आणि माझ्या नातवंडाची नाळ कापताना तिथं उभं कोण, तर भाताच्या खाचरापलीकडे जग न पाहिलेली बाई! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वॉर्डात कुणी लेकीच्या उशाशी बसलेली आई दिसली तरी मी तिच्यावर खेकसायची.

निवृत्ती म्हणाला, विहीणबाई जाताहेत ना, त्यांच्याबरोबर लहानसं काही द्या. म्हणजे ओझं माझं आणि मिरवणार ती. मुळीच नाही. माझं काहीतरी माझ्याच नावानं त्या घरात जाऊन बसायला हवं होतं. नातवंड झोपेल ते माझ्या पाळण्यात, मग उशाशी कुणी का बसेना.

"बोटीनं पाठव," मी म्हटलं.

त्यानं लिहायचं थांबवलं. "म्हणजे आत्ताच? बाळ व्हायच्या आधी? रिकामा?"

रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या आधी पाळणा घरात आणू नये, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. तरी पाळणा हलू नये म्हणून मी त्याची कड धरून ठेवली. विमानानं पाठवायचा तर बाळ झाल्यावर पाठवता आला असता. तेवढी ऐपत असती तर मी इथं कशाला आले असते?

"तुला लिहायचंय ते लिही," मी म्हटलं.

खोकं मुंबईला रवाना झालं आणि आठवडाभरात गोजराबाई दारात. डोक्यावर तांदळाची गोणी, ओठ पांढरे पडलेले. बातमी तिच्या कानावर गेली होती. चहालासुद्धा थांबली नाही.

"विहीणबाई, रिकामा पाळणा धाडला तुम्ही? माझी लेक अजून मोकळी नाय झाली."

"बोटीला वेळ लागतो. तुमच्यासारखं तिकीट नाही आलं मला."

बोलले आणि बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती तांदूळ उंबऱ्यात ठेवून घोटीच्या गाडीला निघून गेली. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. वॉर्डात एखादं मूल जन्मून रडलं नाही की मला तो रिकामा पाळणाच आठवायचा. काही वाकडं झालं असतं तर दोष पाळण्याचा, म्हणजे माझा. आणि ती असणार तिथं, लेकीजवळ. मी इथं.

ती विमानानं गेली आणि सुखरूप पोचली. बोट मागाहून लागली, एवढं लहानूनं कळवलं. पुढे काही नाही.

मग एका दुपारी मेट्रनच्या खोलीत फोन आला. कुवेतचा. मी ओल्या हातांनीच धावले. मुलगी झाली, लहानू सांगत होता, बारा दिवस झाले, फोनच लागत नव्हता, दोघी छान आहेत. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंडातून निघालं, "पाळणा?"

"आहे ना. सासूबाईंनी खोकं फोडूच दिलं नाही. बाळ झाल्यावरच उघडलं. थांब, त्यांना बोलायचंय."

खरखर झाली. मग गोजराबाईचा आवाज, फोनवर बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा मोठा.

"विहीणबाई, पोर पाळण्यात घातलीया. आज नाव ठेवायचंय. मी अजून गायले नाय. पाळणा तुमचा, पयलं कडवं तुमचं. मी दोरी धरते. तुम्ही म्हणा."

"इथून?"

"फोन पोरीच्या कानापाशी धरते. म्हणा."

समोर मेट्रन बसलेली, दारात दोन आया उभ्या. बाळाचा कुरकुरल्यासारखा आवाज आला. चांगला होता, छाती मोकळी होती. आणि खरं सांगते, तेव्हाही मी जळत होते. दोरी तिच्या हातात, बाळाचा वास तिला, मला फक्त आवाज. वर ही एवढी मोठ्या मनाची वागते, म्हणजे मला भांडायचीही सोय ठेवली नाही.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. सूर लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू केलं, आणि मध्येच पलीकडची खरखर थांबली. बाळाचा आवाज नाही, काही नाही. मेट्रन हळूच म्हणाली, "सिस्टर, लाइन गेली."

पुढचं कडवं तिकडे तिनंच म्हटलं असणार. मी रिसीव्हर कानालाच ठेवला आणि माझं माझं म्हणत राहिले, पार शेवटच्या कडव्यापर्यंत.