बाईंनी लिहून दिलेले वडील

व्यवसाय शिक्षण महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंची रीत ठरलेली होती. फळ्यावर उत्तर लिहायचं, मुलांनी उतरवायचं, मग एका सुरात घोकायचं. निकाल चांगला लागे आणि बाईंची मान ताठ राही.

पण त्या दुपारी मुलाखती घेणारा कंपनीचा अधिकारी कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आला. "काय हो बाई, तुमच्या सगळ्या मुलांचे वडील शिक्षक? आणि झाडून सगळ्यांना वाचनाचा छंद? उद्या शेवटचं येतो. पुन्हा हीच पोपटपंची ऐकली, तर या कॉलेजची पायरी चढणार नाही!"

परिचयाचा तो उतारा बाईंनीच लिहून दिला होता. वायरमनच्या वर्गानं तो जसाच्या तसा म्हणून दाखवला, अगदी चिमणीनंसुद्धा! बारीक आवाजामुळे त्या पोरीला हे नाव पडलं होतं. तिचे वडील पंखे दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी ते वारले, आई अंथरुणाला खिळली. ही नोकरी हुकली तर घरची चूल पेटणं कठीण होतं.

बाईंनी तिला बाजूला घेतलं. "अगं, वडील शिक्षक आहेत असं कसं म्हणालीस?"

"तुम्हीच दिलं होतं ना बाई," चिमणी हुंदके देत म्हणाली. "बदललं की तुम्ही चूक काढता."

बाई स्टाफरूममध्ये जाऊन भराभर लिहायला बसल्या. वर्कशॉप शिकवणारे मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"काय लिहिताय?"

"प्रत्येकाचा वेगळा परिचय."

"म्हणजे पुन्हा घास भरवणार! बाई, हीच चिमणी माझ्याकडे जळालेली मोटर एकटी उघडते. चुकते, फ्यूज उडवते, पुन्हा जोडते. मी हात मागे बांधून उभा असतो. जीव वरखाली होतो हो माझाही! पण पाना मीच धरला तर ती शिकणार कधी? तुमच्या वर्गात मात्र तिच्या हाताची घडी, तोंडावर बोट."

"आता वेळ कुठंय मास्तर? चुकतील हो पोरं!"

"चुकू द्या. उद्या त्या खोलीत तुम्ही असणार आहात का?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्या वर्गात गेल्या आणि त्यांनी फळा पुसून टाकला.

"आज मी काही देणार नाही. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. अडलात तर एकमेकांना विचारा, मग मला."

वर्ग भेदरून गेला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. उत्तर सांगून टाकायला बाईंची जीभ वळवळत होती. शेवटी चिमणी उठली.

"माय फादर... फॅन रिपेअर..." ती अडली.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. शेजारणीनं हळूच एक शब्द सुचवला, चिमणीनं मान हलवली आणि दुसराच शोधला.

"माय फादर रिपेअर फॅन. नाउ ही इज नॉट. नाउ आय रिपेअर."

कुणीही हसलं नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग एकेक हात वर होऊ लागला.

दुसऱ्या दिवशी काहींना नकार मिळाला. चिमणी मात्र धावतच आली.

"चुकले बाई! मध्येच अडले! पण माझं मीच सावरलं. सोमवारपासून कामावर बोलावलंय!"

वाचकहो, मुलाखतीला आणि कामावर आपली मुलं एकटीच जातात. आयती उत्तरं देऊन आपण त्यांचं तोंडच बंद करतो. त्यांना अडखळू द्या, शोधू द्या. निदान वडील कोण ते तरी त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्या!