शंभराव्या पेपरातला केरू

डॉक्टर सबनिसांच्या सत्काराला गणपतीची मूर्ती आमच्याच कारखान्यातून हवी, असा रोह्याच्या कमिटीचा निरोप आला, तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, वा रे देवा! आमच्या घराची वाट अजून यांच्या ध्यानात हाय तर.

आम्ही पेणजवळच्या हमरापूरची, मूर्तिकारांच्या गावची. माझा धाकटा भाऊ केरू मूर्तीचे डोळे आखायचा. आखणी हे येरागबाळ्याचं काम नाय. रंगवून तयार झाली तरी डोळ्यांशिवाय मूर्ती म्हणजे नुसती माती. पुढं त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. रंगाच्या वाट्या भिरकवायचा, मला ओळखायचा नाय. गोळ्यांनी आवाज थांबले, पण हात लटलट कापायला लागला. आखणी सुटली.

त्र्याण्णव साली डॉक्टर मुंबईहून दर शनिवारी रोह्याला यायला लागले. एका नव्या परदेशी गोळीवर त्यांचं संशोधन चाललं होतं. केरूला त्यात घेतलं, नंबर सात. काय सांगू! तीन महिन्यांत आवाज गप्प आणि हातही स्थिर. दोन हंगाम त्यानं शेकडो डोळे आखले. शनिवारी एसटीनं रोह्याला जायचं. डॉक्टर म्हणायचे, "हात पुढे कर." कापतो का ते बघायचे, वहीत लिहायचे. मग केरू तळवा वर करायचा आणि डॉक्टर त्यावर आठवड्याच्या गोळ्यांची पुडी ठेवायचे. मी त्या माणसाला देव मानत होते, खोटं कशाला बोलू.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर पुडी बंद.

"संशोधन पूर्ण झालं, बाई," डॉक्टर म्हणाले. "कंपनी आता गोळ्या पाठवत नाही, आणि इथल्या दुकानांत ती अजून मिळत नाही. जुनीच चालू करा."

झालं! जुनी गोळी परत, थरथर परत. मी डॉक्टरांना सहा पत्रं धाडली. कंपनीला एक शब्द टाका, माझ्या भावापुरती गोळी मागवा, एवढंच मागणं. एकाचंही उत्तर नाय.

म्हणून ठरवलं, सत्काराला केरूला घेऊन जायचं आणि चारचौघांत विचारायचं. शेजारचे जनूकाका म्हणाले, "सरू, डोळे मी आखतो." मी म्हटलं, "नको. केरूच आखंल."

"नको गो ताय," केरू म्हणाला. "देवाची चेष्टा व्हईल."

"होऊ दे. चेष्टा आपण सुरू केली नाय."

डावा डोळा कसाबसा उतरला. उजव्याची रेघ भुवईवर चढली. आमच्या गावातून असली मूर्ती उंबऱ्याबाहेर जात नाय. मी ती टॉवेलात गुंडाळली आणि केरूला नि लेकीला घेऊन रोह्याची गाडी धरली.

हॉलात सगळ्यांना एक पुस्तिका वाटली. डॉक्टरांचे संशोधनाचे शंभर पेपर, पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत, कुठं कुठं छापले त्या गावांसकट. माझी लेक ऋतुजा पेणच्या कॉलेजात शिकते, तिनं शंभराव्याची इंग्रजी माहिती आम्हाला मराठीत सांगितली. 'रुग्ण क्रमांक सात पूर्ण बरा होऊन आपल्या पारंपरिक कामावर परतला आहे.'

"कोण गो ह्यो?" केरू म्हणाला. "नशीबवान दिसतोय."

मूर्ती द्यायला माझं नाव पुकारलं. मी केरूला हाताला धरून स्टेजवर चढले आणि टॉवेल काढला. "डॉक्टर, ही तुमच्या सात नंबरनं आखलीय. डोळे बघा."

त्यांनी बघितलं. बघितलं नाय असं म्हणणार नाय, अगदी चष्मा सरकवून बघितलं. "अरे! जुन्या गोळीवर गेल्यावर किती दिवसांत झालं हे?" फोटोवाल्याला जवळ बोलावलं. "केरू, हात पुढे कर."

माझा शहाणा भाऊ, त्यानं दोन्ही हात पुढे केले. फ्लॅश उडाला. डॉक्टर शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. चला, एकशे एकावा पेपर इथेच मिळाला." पाहुणे हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मेल्यांनो, टाळ्या कसल्या वाजवता!" मी ओरडले. "डॉक्टर, गोळी कधी देणार ते बोला!"

"बघू, बाई. कळवतो," ते म्हणाले. दोघातिघांनी मला बाजूला घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात केरूनं, सवयच ती, तळवा वर केला. डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग टेबलावरच्या ताटलीतला एक पेढा उचलून त्यांनी त्यावर ठेवला आणि पुढच्या हाराला मान वाकवली.

परतीच्या एसटीत मी रडत होते. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. खांब गाव मागे पडलं तेव्हा केरूनं मूठ उघडली. थरथरीनं पेढ्याचा भुगा झाला होता, थोडा मांडीवर सांडला होता. तो त्यानं बोटानं गोळा केला.

"ताय," तो म्हणाला, "ह्यो किती दिवस पुरवायचा?"