दुसऱ्या हाफचे प्रेक्षक

जाळीच्या कुंपणाला बोटं अडकवून महेंद्रने आधी मैदानावरच्या आपल्या पोरांची डोकी मोजली. अकराच्या अकरा होती, पण त्यात राजरत्न नव्हता. मग त्याने खडूने लिहिलेल्या फळ्याकडे पाहिलं. हाफ टाइमला दोन-शून्यने पुढं असलेलं कॉलेज आता दोन-एकवर आलं होतं, आणि सामना संपायला अजून अर्धा तास होता.

"परत काढलं माझ्या पोराला," तो शेजारच्या आनंदाला म्हणाला.

आनंदाने फळ्याकडे बघतच मान हलवली. नवं काय होतं त्यात? हा सातवा सामना, आणि आधीच्या सहापैकी पाच असेच घालवलेले. पहिल्या हाफात पुढं, दुसऱ्या हाफात चारी मुंड्या चीत. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात मागच्या गेटातून एक जुनी स्कूटर धडधडत आत आली. कोच गुरुदत्त प्रधान. स्कूटर स्टँडला लावून तो घाईघाईने बाकाकडे गेला आणि जणू मघापासून इथंच होता अशा थाटात हाताची घडी घालून उभा राहिला.

"आला नवाब," चंदू म्हणाला. चंदू मोरिवली गावातला आगरी, फोर्कलिफ्ट चालवायचा. "आपून तरी कंपनीशी आलाव. यो कुठशी आला?"

खरंच होतं ते. मोरिवलीच्या कंपन्यांची आठ ते चारची शिफ्ट सुटली की ही दहा-बारा माणसं हातपायही न धुता तडक मैदानावर यायची. एकेकाळी कॉलेजकडून खेळलेली, नाहीतर पोरं कॉलेजात घातलेली. सामने मंगळवारी नि गुरुवारी, तीन वाजता. रविवारी मैदान क्रिकेटवाल्यांचं. त्यामुळे पहिला हाफ यांच्या नशिबातच नव्हता. पण कोचनेही कामगारांबरोबर सव्वाचारला उगवावं? हाफ टाइमला पोरांना चार शब्द सांगायचे सोडून हा माणूस जातो कुठं? कोणी म्हणायचं टपरीवर, कोणी म्हणायचं बारमध्ये. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार.

बाकीच्यांचा राग टीमसाठी होता. महेंद्रचा त्याहून आतला होता. राजरत्न दोन सीझन टीममध्ये होता, सात नंबर घालायचा, आणि दोन सीझनमध्ये महेंद्रने त्याला एक मिनिटसुद्धा खेळताना पाहिलं नव्हतं. दर वेळी धापा टाकत यायचं, आणि दर वेळी पोरगा बाहेर. तोही पट्ठ्या बाकावर थांबायचा नाही. विचारलं तर मान खाली घालून सांगायचा, सरांनी काढलं, मग बसून काय करू, विहाराच्या अभ्यासिकेत गेलो. अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असते. पोरगा बारानंतर यायचा, महेंद्र तेव्हा गाढ झोपेत असायचा. शिकतोय ना, बस्स. राजरत्न जन्मला तेव्हा महेंद्रने विहारात बुद्धमूर्तीसमोर उभं राहून सांगितलं होतं की हा पोरगा कंपनीचं गेट बघणार नाही. रंग बनवायच्या डाय प्लांटमध्ये छातीचं खोकं करून घेतलेल्या माणसाने आणखी काय मागायचं? दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याचं प्लांटवरचं काम बंद करायला लावलं, तेव्हापासून तो स्टोअरमध्ये बसायचा. ओव्हरटाइम गेला, पगार आखडला. त्याची बायको यशोधरा त्यात घर कसं चालवते, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची, हे जास्त खरं.

सामना तीन-दोनने गेला. त्या संध्याकाळी आनंदाच्या ओट्यावर बसून महेंद्रने प्राचार्यांना अर्ज लिहिला. कोच हाफ टाइमला गैरहजर असतो, चालत्या टीममधली चांगली पोरं कारण नसताना काढतो, सबब त्यास दूर करावे. अठ्ठावीस सह्या झाल्या, पहिली त्याची. राजरत्नला यातलं काही कळू द्यायचं नाही असं त्याने सगळ्यांना बजावलं. उगाच पोराला मैदानावर अवघड नको.

प्राचार्य नीलिमा मॅडमनी पुढच्याच गुरुवारी संध्याकाळी पाचला बोलावलं. कोचही असेल, समोरासमोर काय ते बोला. कामाच्या मळक्या कपड्यांत जायला नको म्हणून महेंद्रने रजा टाकली. आणि रजा टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुरुवारी सामना आहे, आणि या वेळी आपण तीन वाजता जाऊ शकतो.

पावणेतीनलाच तो मैदानावर जाऊन बसला. इस्त्रीचा शर्ट घालून. इतक्या लवकर तिथं फक्त कॉलेजची पाच-सहा पोरंपोरी होती.

आणि मग त्याने राजरत्नला पाहिलं.

घरात येता-जाता दाराची चौकट डोक्याला लागणारा हा लुकडा पोरगा मैदानात कोणी निराळाच होता. उजव्या बाजूने बॉल घेऊन निघाला की समोरचे दोघं नुसते वळून बघायचे. पंचविसाव्या मिनिटाला त्याने असा पास दिला की स्ट्रायकरला फक्त पाय लावायचा होता. चाळिसाव्याला त्याने स्वतः गोल मारला, आणि कोणाच्या गळ्यात न पडता आपल्या जागी पळत गेला. महेंद्रचे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी मुलीला तो म्हणाला, "तो सात नंबर माझा." मुलगी म्हणाली, "काका, तो भारी आहे. पण सर त्याला काढतील बघा आता."

हाफ टाइमची शिट्टी झाली. महेंद्र उठला. आज त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं की असा पोरगा बाहेर काढताना हा माणूस काय कारण देतो. कोच सायकल स्टँडच्या मागं जाताना दिसला, तसा तोही गेला.

पत्र्याच्या शेडमागं गुरुदत्त स्कूटरला किक मारत होता. राजरत्न आणि डिफेन्समधला एक पोरगा घाईने कपडे बदलत होते. घामेजल्या जर्सीवरच राजरत्नने करड्या रंगाचा शर्ट चढवला. पाठीवर कंपनीचं नाव होतं, आनंदनगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचं. गळ्यात त्याने गेट पास अडकवला, वाकून सेफ्टी शूजच्या नाड्या बांधल्या. पाठ महेंद्रकडे होती. नाड्या बांधायची सवय हातांना झालेली दिसत होती.

"बारा मिनिटं आहेत, बस लवकर," गुरुदत्त म्हणाला, आणि वर पाहताना त्याला महेंद्र दिसला.

दोघांची नजर पोरांच्या डोक्यांवरून एकमेकांना भिडली. गुरुदत्तने मान अगदी थोडी हलवली. नको, एवढंच. मग दोन्ही पोरांना मागं घेऊन ट्रिपल सीट स्कूटर मागच्या गेटातून निघून गेली.

महेंद्र जागेवर किती वेळ उभा होता कोण जाणे. दुसरा हाफ सुरू झाला. सव्वाचारला आनंदा, चंदू आणि मंडळी आली, पाठोपाठ स्कूटर आली, आणि नेहमीची ओरड झाली. एक गोल बसला, दुसरा बसला. महेंद्रची नजर मागच्या गेटावरच होती. आनंदाला वाटलं, महेंद्र आत काय बोलायचं ते मनात जुळवतोय.

पाचला प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो आणि गुरुदत्त दोघंच होते. चंदू आणि आनंदा नळावर तोंड धुवायला गेले होते. गुरुदत्त बदलापूर गावातला, पन्नाशीचा, बोलायला तुसडा म्हणून प्रसिद्ध. जवळून पाहिलं तर नुसता थकलेला माणूस.

"कधीपासून?" महेंद्रने विचारलं.

"मागच्या गणपतीपासून. कॉन्ट्रॅक्टवर आहेत दोघं. चार ते बारा."

"आणि तुम्ही त्याला स्वतः नेऊन गेटवर सोडता." महेंद्रचा आवाज चढला, तो त्याने दाबला. "माझ्या पोराला."

"आधी पळत जायचा. हाफभर खेळून वर तीन किलोमीटर. एक दिवस गेटवर चक्कर येऊन पडला. मग मी सोडायला लागलो."

"मला सांगायचं होतं."

"शपथ घातली होती त्याने. म्हणाला, बाबांना कळलं तर बाबा परत प्लांटवर जातील." गुरुदत्त समोरच्या भिंतीकडे बघत होता. "खेळू नको म्हणून सांगितलं असतं तर कामावर गेला असता, खेळ सुटला असता. मला ते जमलं नाही. तेवढाच माझा गुन्हा."

महेंद्र आत जाऊन सगळं खरं सांगतो म्हणाला. अर्ज फाडून टाकतो म्हणाला. गुरुदत्तने ऐकून घेतलं आणि शांतपणे समजावलं, की स्पर्धेच्या फॉर्मवर दोघांनी लिहून दिलंय, कुठंही नोकरी करत नाही म्हणून, आणि खाली कोच म्हणून सही माझी आहे. खरं बोललात तर मी जाईन तो जाईनच, वर टीम बाद होईल, चारनंतरच्या तासांची दोघांची गैरहजेरी उघडी पडेल. शेवटचं वर्ष आहे, परीक्षेला बसू देणार नाहीत.

"मी तसाही वर्षाच्या बोलीवर आहे," तो म्हणाला. "तुम्ही आत काही बोलू नका."

चंदू आणि आनंदा आले. शिपायाने आत बोलावलं.

नीलिमा मॅडमनी अर्ज मोठ्याने वाचला. आपलीच वाक्यं महेंद्रला कानात गरम तेल ओतल्यासारखी वाटली. मग त्यांनी विचारलं, सर, हाफ टाइमला तुम्ही कुठं जाता? गुरुदत्त म्हणाला, वैयक्तिक काम असतं. दर सामन्याला? हो, दर सामन्याला. चंदू कुत्सित हसला. आणि हे दोन चांगले खेळाडू दर वेळी का काढता?

"माझा अंदाज चुकतो, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. माणसाला त्या आणखी एक संधी देऊ पाहत होत्या. त्या महेंद्रकडे वळल्या. तुमची पहिली सही आहे, म्हणाल्या. तुमचा मुलगाही टीममध्ये आहे. तुमचा अर्ज कायम आहे, की मागं घ्यायचाय?

खोलीत पंखा फिरत होता. आनंदाने त्याला कोपराने ढोसलं. गुरुदत्त खाली, आपल्या चपलांकडे बघत होता. महेंद्रला वाटलं, या माणसाने एकदा तरी वर बघावं, म्हणजे आपल्या तोंडून दुसरं काही निघेल. त्याने पाहिलं नाही.

"कायम," महेंद्र म्हणाला.

बाहेर आल्यावर चंदूने सगळ्यांना वडापाव खिलवला. महेंद्रच्या पाठीवर थापा पडल्या. आता बघ, नवा कोच येईल, तुझा पोरगा नव्वद मिनिटं खेळेल. महेंद्रने वडापाव हातात धरून ठेवला आणि घरी जाताना गाईला घातला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, त्याच्या कंपनीला सुट्टी. दुपारचे तीन वाजले होते. यशोधरा ओट्याशी उभी राहून पोळ्या गुंडाळत होती. महेंद्र कॉटवर पडून छताकडे बघत होता. रात्रभर त्याला झोप नव्हती. साडेबाराला कडी वाजली, पोरगा पायांचा आवाज न करता आत आला, अंधारात पाणी प्यायला, हे सगळं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

राजरत्न वहीतला दुरेघी कागद घेऊन आला आणि कॉटच्या कडेला बसला.

"बाबा, सरांना काढलं. कंपनीवाल्यांनी कोणीतरी अर्ज दिला म्हणे." त्याने कागद पुढे केला. "सरांना परत घ्या म्हणून आम्ही पोरं अर्ज देणार आहोत. तुम्ही लिहून द्याल?"

महेंद्र उठून बसला. कागद मांडीवर घेऊन त्याने तारीख टाकली. माननीय प्राचार्य, असं लिहिलं. मग पेन थांबवलं.

"कारण काय लिहू?"

राजरत्न कॉटवरच्या चादरीची सुरकुती सरळ करत राहिला. ओट्याशी यशोधराचा हात थांबला.

"सर चांगले आहेत, असं लिहा."

"तेवढ्यावर ठेवत नाहीत रे कोणाला." महेंद्रने कागद बाजूला ठेवला. "पहिला अर्ज मीच लिहिलाय."

राजरत्न त्याच्याकडे बघत राहिला. ओरडला असता, काही फेकलं असतं, तर महेंद्रला बरं वाटलं असतं. पण पोराने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठला आणि बॅग खांद्याला लावली.

"अभ्यासिकेत जातो," तो म्हणाला.

यशोधराने डबा पदराआड धरला होता. महेंद्रने तो तिच्या हातातून घेतला, पोराच्या बॅगची चेन उघडली, आतल्या करड्या शर्टावर डबा ठेवला आणि चेन लावली. मग त्याने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली.

"चल," तो म्हणाला. "चारला पंचिंग आहे. गेटपर्यंत सोडतो."