काळ्या कागदातली बाटली

कुंडलिकने दोरीची गाठ सोडली आणि बाटलीवरचा काळा कागद हलकेच वर ओढून काढला. लेबल भिंतीकडे होते. ते त्याने फिरवून पाहिले नाही. रतनचे वळणदार अक्षर त्या क्षणी त्याला सोसले नसते. कोळंबीच्या टरफलांतून तेलात उतरवलेला केशरी-तांबडा रंग खिडकीतल्या तिरप्या उन्हात उजळून निघाला. असा रंग आपल्या हातून कधीच उतरणार नाही, असे वाटून त्याने मान वळवली.

उद्या शुक्रवार, डोंबिवलीचे कारखाने बंद. परवा नौपाड्याहून मालक येणार, रतनचा आणि त्याचा नमुना पाहणार आणि ज्याचा रंग गडद त्याच्या हाती या रंगाचा नवा विभाग सोपवणार. हा रंग तेलातुपाला खवट होऊ देत नाही. स्वतः मात्र उजेडात विरून जातो. खिडकीशेजारच्या मांडणीवर दिवसभर येणारे ऊन तो विरायला पुरेसे होते.

रतन ठाण्याच्या कोळीवाड्यातला. त्याची आई जाईबाई कोळंबी सोलायची आणि दोघांसाठीही टरफले तोच बर्फात घालून आणायचा. तरी सगळे म्हणत, रतनच्या हाताला रंग आहे. मालक त्याला 'अरे रतन' म्हणत. कुंडलिकला मात्र 'अहो'. एवढेसे ते कुसळ, पण वर्षभर सलत राहिले होते.

कुंडलिकची स्वतःची बाटली सकाळपासून कपाटाच्या अंधारात होती. कागद त्याने बाकाखाली सरकवला, घसरून पडल्यासारखा. दोरी नकळत कामाच्या डगल्याच्या खिशात गेली.

शनिवारी तो आला तेव्हा रतन मांडणीपाशी उभा होता.

"वाट लागली रे, कुंडलिक."

बाटलीतले तेल साध्या गोडेतेलासारखे पिवळट दिसत होते.

"तुझी ना?" कुंडलिकने आवाज जपून विचारले.

"माझी कपाटात आहे. ही तुझी." रतनने बाटली फिरवली. लेबलवर कुंडलिकचेच अक्षर होते. "परवा तू जेवायला गेलेलास तेव्हा बघितलं, कपाटाची पाठ तापलेली. पलीकडे बॉयलर ना. म्हटलं, तुझी माझ्या कागदात गुंडाळून इथे वाऱ्याला ठेवू, माझी जाऊ दे कपाटात. सांगायचं राहिलं बघ."

मालक आले. रतन आधीच पुढे झाला.

"साहेब, चूक माझी. माझी गाठ सैल राहिली असणार. गडद रंग कुंडलिकचाच होता, मी गुंडाळताना पाहिलेला."

मालकांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. रतनची किंचित तपकिरी झाली होती, तरी तांबडी होती.

"समोर आहे तेच मी पाहणार, कुंडलिकराव," ते म्हणाले, आणि रतनच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले.

रतन बाकाखाली वाकला.

"कागद मिळाला. दोरी कुठे गेली कळत नाही."

डगल्याच्या खिशात दोरीचा वेढा कुंडलिकच्या बोटाभोवती आवळत गेला. बोट बधिर झाले.

"असेल इथेच," तो म्हणाला, आणि रतनशेजारी वाकून तोही शोधू लागला.