शिळं पाणी

शिवम्माच्या लेकीनं, सोनमनं लावलेला खिडकीतला मनी प्लांट पिवळा पडायला लागला. लेक तापानं गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या हातचं जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं. पानं लोंबायला लागली, तसं तहानलं असेल म्हणून तिनं आणखी पाणी घातलं. तरी पानं गळतच राहिली. शेवटी कुंडी कडेवर घेऊन ती हुसेनसाबच्या नर्सरीत गेली.

हुसेनसाबनं कुंडी उलटी केली. भसकन घाण वास आला. मुळं काळी, हात लावला की लिबलिबीत.

"अक्का, मुळं कुजली की! पाणी किती घालता?"

"किती म्हंजे? नळ आला की शिळं पाणी. फेकून देऊ व्हय?"

खरंच होतं ते. सोलापुरात नळ येणार पाचव्या दिवशी, आणि ताजं पाणी आलं रे आलं की सकाळपर्यंत प्यालेलं पाणी लगेच शिळं! पण घागरभर पाणी मोरीत ओतायचा जीव होतो कुणाला? ते झाडालाच जातं.

"पाच दिवसांतनं एकदा घालून असं होत न्हाय," हुसेनसाब म्हणाला. "रोज कोणतरी घालतंय."

"घरात आमी दोघंच..." म्हणता म्हणता शिवम्माला खिडकीतला तांब्या आठवला. रोज सकाळी तो तिथंच सापडायचा. जागच्या जागी ठेवता येत न्हाय का, म्हणून ती नवऱ्यावर खेकसायची. मल्लप्पा तांब्या उचलून मोरीत नेऊन ठेवायचा. लेक गेल्यापासून दोघांनी तिचं नाव घरात काढलं नव्हतं. एकानं काढलं तर दुसरा खचेल, ही धास्ती.

अख्ख्या वेलाचं एकच पेर हिरवं निघालं. हुसेनसाबनं ते कापून नव्या कुंडीत, वाळू मिसळलेल्या मातीत खोचलं.

"बोट खुपसून बघा. आत कोरडं लागलं तरच पाणी. आणि घरी सांगा."

"जगंल का?"

"सांगता येत न्हाय, अक्का."

ती घरी आली, तर मल्लप्पा रिकाम्या खिडकीपाशी तांब्या घेऊन उभा. तिनं नवी कुंडी ठेवली.

"सोनमच्या झाडाला आता पाणी घालू नका."

वर्षानं नाव निघालं. मल्लप्पानं भरलेला तांब्या खाली ठेवला.

"मी मारलं व्हय गं?"

शिवम्माला रडू फुटलं. "दोघांनी," ती म्हणाली. "एकमेकाला न सांगता."