चौतीसवाली ताई

ताईने नाकावर कधी माशी बसू दिली नाही, आणि एखादी बसायला आलीच असती तरी चढावर तिला ताईचा वेग झेपला नसता, असं छोटी दुकानात येईल त्याला सांगायची. छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस, स्वतःचं सायकलींचं वर्कशॉप, घरात कॉलेजात जाणारी मुलगी. तरी ती आपली छोटी ती छोटीच. ताई दारात उभी राहिली की वर्कशॉपची मालकीणबाई हातातला पाना खाली ठेवून सरळ उभी राहायची. कौतुक करावं तर असं, समोरच्याला थोडी लाज वाटेपर्यंत.

त्या दोघी ज्या गटाबरोबर दर रविवारी डोंगरात सायकल चालवायच्या, त्या गटाची एक रीत होती. नवा माणूस आला की नाव-आडनाव नंतर, आधी प्रश्न यायचा, "पुढे किती?" पुढे म्हणजे पेडलपाशी जी दातेरी चक्री असते तिला दाते किती. दाते जास्त असले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल लांब पळते, पण चढावर पायांचा जीव काढते. कमी असले तर चढ हलका जातो, फक्त सपाटीला इतर लोक पुढे निघून जातात. गटात बहुतेकांचं उत्तर तीस नाही तर बत्तीस. ताईचं चौतीस. डोंगरमाथ्यावरच्या टॉवरचा चढ ती चौतीसवर चढायची, आणि तेही शेजारच्याशी भांडत. म्हणून तिचं नाव पडलं चौतीसवाली ताई, आणि खोटं कशाला बोला, तिला ते नाव फार आवडायचं.

मग ती पडली. उतारावर ओल्या दगडावरून चाक सुटलं, फ्रेम तडकली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वर्षभराने डॉक्टरीणबाईंनी सायकलला परवानगी दिली, पण अट घातली. चढावर जोर लावून पेडल मारायचं नाही, पाय हलके फिरले पाहिजेत. "गुडघा पुन्हा दुखावला तर सायकल कायमची बंद," त्या म्हणाल्या. छोटी शेजारच्याच खुर्चीवर होती. ताईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "मला नवी सायकल बांधून दे. अगदी माझ्या मापाची. पुढे चौतीस लाव."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

छोटीने सायकल बांधायला घेतली तेव्हा इतर कामं बाजूला सारली. फ्रेम ताईच्या पायांच्या आणि हातांच्या मापाने करून घेतली. चाकांच्या तारा स्वतः ओवल्या, एकेक ओढून बघितली. मागे चढासाठी सगळ्यात मोठ्या चकतीचा गिअर संच घेतला. हँडलच्या मुठी ताईला आवडतात तशा जाड घेतल्या. उरली फक्त पुढची चक्री. तिथे तिचं घोडं अडलं.

तिने बाकावर तीन चक्र्या मांडल्या. चौतीस, तीस आणि अठ्ठावीस. त्या गुडघ्याला खरी हवी होती अठ्ठावीस. हे छोटीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. रोज चार जणांना ती हेच सांगते, आणि लोक मुकाट ऐकतात. पण 'तुला आता हे झेपणार नाही' असं ताईला सांगणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, आणि ते आपण व्हावं अशी छोटीची मुळीच इच्छा नव्हती. लहानपणी ताईच्या सायकलच्या दांडीवर बसून जिने जग बघितलं, तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय अठ्ठावीस लावली तर ताईला वर्कशॉपच्या दारातच कळेल. मग तिने मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे काय, ना धड हे ना धड ते. तिने तीसची चक्री बसवली, तिच्यावर कोरलेल्या आकड्यावर मुलीचं काळं नेलपॉलिश फासलं आणि तोंडात मूग धरून बसली.

ताई सायकल न्यायला आली. तिने आधी सायकलभोवती एक चक्कर मारली, मग फ्रेमवरून हात फिरवला आणि काहीच बोलली नाही. ताई काही बोलत नाही म्हणजे तिला गोष्ट मनापासून आवडली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. छोटीला आनंदाने भरून आलं.

"चौतीस?" ताईने विचारलं.

"हो. तू सांगितलंस तेच," छोटी खाली वाकून उगाच टायर दाबत म्हणाली.

ताई बसली आणि निघाली. वर्कशॉपच्या मागचा रस्ता आधी चढतो, मग वळसा घेऊन सपाटीने परत येतो. छोटी दारात उभी राहिली, जीव मुठीत धरून. चढावर ताईची पाठ जराही डोलली नाही. गुडघा कुठे थबकला नाही. किती दिवसांनी ती अशी दिसत होती! छोटीचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलले ते बरंच झालं, असंही तिला वाटून गेलं.

ताई परत आली ती लाल चेहऱ्याने. सायकल भिंतीला टेकवून तिने रुमालाने मान पुसली.

"काय ग, तू आणि डॉक्टरीण मिळून मला घाबरवत होतात? चौतीसवर लोण्यासारखा गेला चढ. पाय आहेत तसेच आहेत माझे." आणि मग ती सहज म्हणाली, "एक काम कर. छत्तीस लाव. रविवारी टॉवरला जाते."

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कोणी दुसरं लागलं नव्हतं, छोटीने स्वतःच ताईला नेऊन तिथे बसवलं होतं. छत्तीस लावून टॉवरचा चढ म्हणजे अर्ध्या वाटेत गुडघा गेलाच. एकदा वाटलं, पुन्हा तीसच ठेवावी आणि छत्तीस म्हणून द्यावी. पण मग पुढच्या महिन्यात ही अडतीस मागेल. खोट्याला शेंडा-बुडखा कुठे असतो?

"ताई," ती म्हणाली. "ती चौतीस नाहीये."

ताईने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"तीस आहे. मी आकड्यावर रंग लावला. चौतीस तुझ्या गुडघ्याला चालणार नाही. छत्तीस तर नाहीच नाही. तू रागाव, वाटलं तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस, पण मी ती लावणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच छोटीने ताईला 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही एका दमात. ती तडाख्याची वाट बघत उभी राहिली.

ताई स्टुलावर बसली. "कळलं होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"परत येताना सपाटीला शेवटचा गिअर टाकला, तर पाय रिकामेच पळायला लागले. चौतीसवर माझे पाय असे कधी पळत नाहीत ग. इतकी वर्षं चालवतेय, मला एवढंही कळू नये?"

"मग छत्तीस कशाला मागितलीस?"

"बघत होते, तू तरी बोलतेस का ते." ताईने दुखरा गुडघा दोन्ही हातांत धरला. "वर्षभर सगळे असंच करतायत. तुझे भाऊजी माझ्याबरोबर मुद्दाम हळू चालतात आणि म्हणतात, आज मीच दमलोय. गटातले येतात आणि सांगतात, ताई, तुम्ही आहात तशाच आहात. सगळे मला चौतीस सांगतात आणि तीस देतात. मी काय लहान मूल आहे? मला कोणी विचारतच नाही की, ताई, तुला भीती वाटते का."

छोटीने कधी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. ती जवळ जाऊन खाली जमिनीवरच बसली.

"वाटते का?"

"फार," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मघाच्याच रुमालाने पुसलं. "चढाला सुरुवात केली की आधी गुडघाच ऐकू येतो. बाकी काही ऐकूच येत नाही. आता खरं सांग. तीस पुरेल?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "नाही," छोटी म्हणाली. "अठ्ठावीस."

"अठ्ठावीस!" ताईने तोंड असं केलं की जणू तिला तीन चाकांची सायकल देऊ केली होती. मग तिने नखाने चक्रीवरचा रंग खरवडला. "लाव," ती म्हणाली. "चेनही लहान करावी लागेल ना? कर. मी धरते सायकल."

रविवारी टॉवरच्या चढाच्या पायथ्याशी सगळा गट जमला होता. ताईला बघून एकच गलका झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली, आणि गटातला सगळ्यात वात्रट प्राणी, ज्याला सगळे शेपूट म्हणत कारण तो कायम मागे असायचा, तो ओरडला, "चौतीसवाली आली रे! आता आपलं काही खरं नाही!"

छोटीने मान खाली घातली. ताईने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"अठ्ठावीस आहे," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सावकाश येणार आहे मी. तुम्ही व्हा पुढे. आणि शेपट्या, तू आज माझ्याही मागे राहिलास तर बघ."

मग शेपूट सगळ्यात मोठ्याने हसला आणि मंडळी निघाली. एकेक करून सगळे ताईच्या पुढे गेले, शेपूटसुद्धा. ताईने कोणाकडे पाहिलं नाही. तिचे पाय भराभर, हलके फिरत होते, सायकल मात्र आपली निवांत वर सरकत होती. श्वास जड झाला की ती गिअर बदलायची, खडी आली की अंग जरा पुढे घ्यायची, आणि मोठा दगड आला की चाक त्याच्या शेजारून असं न्यायची की दगडाला पत्ताही लागू नये. एकदा गुडघा कुरकुरला असावा, कारण तिने तिथेच वेग आणखी कमी केला. पण पाय काही टेकवला नाही.

छोटी तिच्या मागे होती. इतक्या वर्षांत ताईचा चढ तिने कधी पाहिलाच नव्हता. ताई पहिल्याच वळणावर दिसेनाशी व्हायची, आणि छोटी वर पोचेपर्यंत तिचं पाणी पिऊन झालेलं असायचं. कौतुक सगळं ऐकीव होतं, लोकांनी सांगितलेलं. आज पहिल्यांदा पायथ्यापासून टॉवरपर्यंत तिने आपली बहीण चढताना बघितली.