पंखे थांबल्यावर

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आमच्या शाळेच्या प्रार्थनाघरात पूर्वेकडच्या पिवळ्या काचेतून जे ऊन उतरतं, ते आधी भिंतीवर, मग बाकांच्या पाठींवर आणि शेवटी ब्यूलाच्या उचललेल्या उजव्या हातावर येतं. हात काही फार देखणा नाही. बोटं आखूड, मनगटावर चामडी पट्ट्याचं जुनं घड्याळ, तर्जनीला खडूची कायमची पांढरी कड. पण तो वर गेला की साऱ्या पोरींचा कलकलाट असा विरतो, की बाहेरच्या कडुनिंबावर चाललेलं पोपटांचं भांडण तेवढं शिल्लक राहतं. मी गणित शिकवते. माझा हात वर गेला तर पोरी फार तर फळ्याकडे बघतात. त्या हाताचा मला वर्षानुवर्षं हेवा वाटत आला आहे, आणि तो मी तिला तोंडावर सांगितलेलाही आहे.

ब्यूला तिरुनेलवेलीकडची, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, शाळेची संगीतशिक्षिका. मी सांगलीची, लग्न होऊन मद्रासच्या मैलापुरात येऊन पडलेली. पहिल्याच दिवशी माझं तमिळ ऐकून तिने हसता हसता डोळे पुसले आणि पुढचं वर्षभर मधल्या सुट्टीत मला तमिळ शिकवलं. बदल्यात तिने माझ्याकडून मराठीच्या दोनच गोष्टी घेतल्या: थालीपीठ आणि ‘अगंबाई’. हे ‘अगंबाई’ ती योग्य जागी वापरते, आणि अयोग्य जागी त्याहून जास्त.

तिच्या आवाजाविषयी लिहायला बसलं की मात्र माझी पंचाईत होते. निर्मळ म्हणावं तर मवाळ वाटतं, आणि मवाळपणाशी त्या आवाजाचं काही देणंघेणं नव्हतं. तेजस्वी म्हणावं तर त्यातली आर्द्रता निसटून जाते. रागावली की तो जिन्याखालच्या पोरींपर्यंत जायचा, आणि गायली की त्याच पोरी जिन्यात पाय रोवून उभ्या राहायच्या. गाण्याच्या आधी ती कुठल्या वाद्याला हात लावत नसे. ओठ मिटून एक स्वर द्यायची, आणि तोच स्वर गाणं संपेपर्यंत पोरींच्या आवाजाखाली हलकेच गुणगुणत धरून ठेवायची. स्वयंपाकघरात आई पाठमोरी असली तरी लेकरं निर्धास्त खेळतात ना, तशा पोरी त्या स्वराच्या भरवशावर गायच्या. त्यांना तो ऐकू येतोय हेसुद्धा त्यांना ठाऊक नसावं.

आश्विन सरताना, महाराष्ट्रातला पाऊस परतलेला असतो आणि मद्रासचा नुकता सुरू होतो, त्या ओल्या करड्या दिवसांत ब्यूलाच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आम्ही दोघींनी देवाचे आभार मानले, तिने तिच्या, मी माझ्या. पण आवाजाची नस दुखावली होती. शुद्धीवर आल्यावर तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू सावरते, बहुतेक वेळा सावरते. हे ‘बहुतेक’ मला पचलं नाही. गणितात या शब्दाला जागा नाही.

मग महिन्यांवर महिने गेले ते हातांचे. ती टाळ्यांनी बोलावू लागली, भुवयांनी दटावू लागली, बाकावर बोटांनी ताल धरून गाणी बसवू लागली. ओठ नुसते हलवून काय म्हणते ते मी वाचायला शिकले. नाताळच्या उपासनेत सगळे गात असताना ती पहिल्यांदाच मिटल्या तोंडाने उभी होती. मार्गळी महिन्याची ती थंड म्हणवणारी हवा, मेणबत्त्यांच्या ज्योती, नव्या रेशमाचा वास, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी ती उपासना माझ्या अंगावर येत होती. मी रडले, ती रडली नाही, उलट माझ्याकडे बघून डोळे वटारले.

माघात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नस हलू लागली आहे, आता आवाज लावून बघा, म्हणाले. आणि इथेच घोडं अडलं. ब्यूला आवाज लावेना. मी विनवलं, रागावले, एकदा तर ‘देवाने दिलेलं परत घ्यायलाही तुला मुहूर्त हवा का’ असं खवचटपणे विचारलं. शेवटी ती ओठ हलवून म्हणाली, “अम्माने ओळखलं नाही तर?”

तिची आई गावी धाकट्या मुलीकडे असते. काचबिंदूने दृष्टी केव्हाच गेली. थोरली लेक म्हणजे दर रविवारी फोनवर येणारा आवाज, एवढंच तिच्यासाठी उरलेलं. या महिन्यांतही ब्यूला फोन लावायची. पलीकडून आई बोलत राहायची, पाऊस, शेजारपाजार, प्रार्थना, आणि ही नखाने फोनवर टकटक करून ‘आहे, ऐकतेय’ एवढं सांगायची. न लावलेल्या आवाजात जुना आवाज अजून शाबूत असण्याची आशा होती. लावला, आणि भलताच निघाला, तर ती आशाही संपली असती. हे कळल्यावर मी तिला छळायचं सोडून दिलं.

अल्बमचं ठरलं ते त्या सुमाराला. शाळेत पिढ्यान्‌पिढ्या गायली गेलेली जुनी स्तोत्रगीतं, तमिळ आणि इंग्रजी, पोरींच्या आवाजात, वाद्याविना ध्वनिमुद्रित करायची. आमच्या हेडमिस्ट्रेस मनाने चांगल्या, पण काळजीने पोखरलेल्या. हळूच म्हणाल्या की बाहेरून एखादे गायनमास्तर बोलावू या का. ब्यूलाने तो आखूड बोटांचा पंजा त्यांच्यासमोर असा उभा धरला, की विषय तिथेच संपला.

ध्वनिमुद्रण प्रार्थनाघरातच होतं, मार्चमधल्या एका सुट्टीच्या दिवशी. कडुनिंबाचा मोहोर पायरीवर सांडलेला, फाटकाशी उभं राहून वॉचमन रिक्षावाल्यांना हॉर्नबद्दल दम देत होता. शरवणन नावाचा तरुण ध्वनिमुद्रक गळ्यात हेडफोन अडकवून आला, त्याने माइक उभे केले, वर बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, फॅन ऑफ पण्णिडुंगो.” उंच छतावरून लांब दांड्यांनी लोंबणारे ते जुने पंखे एकेक करून थांबले. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. उकाडा तर असा, की पोरींच्या वेण्यांतला मोगरा अर्ध्या तासात मलूल झाला.

शरवणनने छोट्या कीबोर्डवर सूर दिला, ब्यूलाचा हात उठला, पोरी गाऊ लागल्या. पहिलं कडवं लख्ख. दुसरं बरं. तिसऱ्यात काहीतरी ओघळू लागलं. उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा सूर नकळत कलत गेला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शरवणन मान हलवून म्हणाला, “श्रुती इरंगुदु, मॅडम.” सूर खाली जातोय, हे माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळत होतं. पोरी रडवेल्या झाल्या. इतकी वर्षं याच घरात, हीच गाणी त्या बिनचूक गात आल्या होत्या.

ब्यूलाने बोट वर केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं. मला वाटलं, उकडतंय म्हणून पंखा मागते आहे. शरवणनलाही तेच वाटलं, तो हात जोडू लागला. ती चिडली, पाय आपटला, पुन्हा पंख्याकडे बोट केलं, मग कानाकडे, मग पोरींकडे. आणि मला उमगलं. पंख्यांची ती अखंड घरघर हा या पोरींचा तंबोरा होता; त्या घरघरीला धरून ब्यूलाचा मिटल्या ओठांचा स्वर होता. वरचा आधार आज थांबवला होता, समोरचा आश्विनापासून थांबला होता. बिचाऱ्या पोरींनी धरायचं तरी कशाला?

मी हे बोलून दाखवलं तेव्हा हेडमिस्ट्रेस माझ्या कानाशी कुजबुजल्या, “आज राहू दे का? पुढच्या महिन्यात त्या मास्तरांना...” ब्यूला ओठ वाचत नाही, पण तिला कळलं. तिने आमच्याकडे पाठ फिरवली आणि हात उचलला. मी मनात म्हटलं, बाई गं, आता तरी.

पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याच्या तोंडाशी मागच्या रांगेतल्या जाड आवाजाच्या पोरी सुटू लागल्या. ब्यूलाचा तळवा उताणा झाला, वर वर सरकू लागला, मानेची शीर ताणली गेली. सूर उतरतच होता. आणि मग तो आवाज आला. मला आधी वाटलं कुणीतरी बाक सरकवलं. खालचा, खरबरीत, खूप दिवस न उघडलेल्या डब्याच्या झाकणासारखा चिकटून सुटलेला. ओळखीची एक खूण त्यात नव्हती. पण होता नेमका त्या जागी, जिथे असायला हवा होता. पोरींच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलेलं मी पाहिलं. एकही थांबली नाही, कारण तो हात खाली आल्याशिवाय थांबायचं नसतं हे त्यांच्या हाडीमासी आहे. त्या स्वराला त्यांनी धरलं, आणि सगळं गाणं उचलल्यासारखं वर आलं. मी बाकावर बसून घेतलं.

गाणं संपलं. शरवणनच्या यंत्राचा लाल दिवा विझेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. मग पुढच्या रांगेतली एक पोरगी किंचाळली, “मिस, पेसिट्टींग!” बोललात!

ब्यूलाने पदराने तोंड पुसलं. आणि त्या खरबरीत आवाजात, फार विचार न करता, म्हणाली, “पेसलै. पाडिनेन.” बोलले नाही, गायले. त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात हेडमिस्ट्रेसही सामील होत्या. गोंधळ शमायच्या आत ब्यूला बाईसाहेबांनी मागच्या रांगेला फैलावर घ्यायला सुरुवात केलेली होती. मी म्हटलं, अगंबाई! माझ्या छातीवरचा कित्येक महिन्यांचा धोंडा उतरला, हे मला इतक्या लख्खपणे जाणवलं की मी मोठ्याने हसत सुटले.

शरवणनने विचारलं, आवाज माइकमध्ये आलाय, ठेवू? पोरी ठेवा ठेवा म्हणून ओरडल्या. ब्यूलाने ठाम नकारार्थी मान हलवली. गाणी पोरींची आहेत, म्हणाली. मग तिने दोन कडव्यांच्या मधल्या विरामात सूर द्यायचा आणि शरवणनने तेवढाच तुकडा नंतर कापून टाकायचा, असं ठरलं. ऊन पश्चिमेच्या काचेत येईपर्यंत सगळी गाणी झाली, आणि एकही घसरलं नाही.

संध्याकाळी पोरी गेल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो. तिने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, लाव गं. तिने लावला.

“अम्मा.”

पलीकडून म्हातारीचा सावध प्रश्न, “यारु?” कोण?

ब्यूलाचा चेहरा मी बघू शकले नाही. ज्याला ती भीत होती तेच पुढ्यात आलं होतं. पण ती तगली. “मी ब्यूला, अम्मा. हा असाच निघालाय.” मला वाटलं, फोन कटला. मग आई म्हणाली, “अजून बोल.” ब्यूला उकाड्याबद्दल बोलली. “अजून.” ती पोरींबद्दल बोलली, थांबलेल्या पंख्यांबद्दल, मागच्या रांगेच्या आळशीपणाबद्दल, माझ्या भयंकर तमिळबद्दल, दम लागला की थांबे, आणि पलीकडून पुन्हा ‘अजून’ येई. बऱ्याच वेळाने म्हातारीने एक लांब सुस्कारा सोडला. “बरं,” ती म्हणाली. “आता हा पाठ करीन.”

ब्यूलाचा पहिला आवाज कुठल्याच यंत्रात धड नाही. समारंभांचे मोबाइलवर घेतलेले काही तुकडे आहेत, त्यांत पंखेच जास्त ऐकू येतात. दुसरा आवाज तिने स्वतःच अल्बममधून काढायला लावला. म्हणजे जे हरवलं तेही आणि जे मिळालं तेही, दोन्ही आता आमच्यासारख्या काही जणांच्या कानांच्याच हवाली आहेत. काळाने नेलेलं परत मिळत नाही हे खरंच, पण त्या संध्याकाळी दूर गावी एक आंधळी आई आपल्या लेकीला पहिल्यापासून पाठ करत होती, आणि लेक न थकता बोलत होती.